मासिक पाळीच्या उत्पादनांतील रसायनांचे नियमन

मासिक पाळीच्या उत्पादनांतील रसायनांचे नियमन म्हणजे सॅनिटरी नॅपकिन (पॅड), टॅम्पॉन, मासिक पाळीचा कप आणि पाळीत वापरायची शोषक अंतर्वस्त्रे यांत कोणते रासायनिक पदार्थ असावेत, किती प्रमाणात असावेत आणि त्यांची माहिती वापरणाऱ्या स्त्रीला कशी मिळावी, हे ठरवणारे कायदे, मानके व चाचण्या होत. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेच्या कायद्याचा हा एक भाग आहे. तथापि खेळणी, रंग किंवा सौंदर्यप्रसाधने यांच्या तुलनेत या विषयाकडे जगभर उशिरा लक्ष दिले गेले. दीर्घकाळ या उत्पादनांची परीक्षा मुख्यतः 'गळती होते की नाही' या एकाच निकषावर होत असे. ती कशाची बनली आहेत, हा प्रश्न कायद्याने फार नंतर विचारला.

१९८० मध्ये अमेरिकेत टॅम्पॉनशी निगडित आजाराची साथ उद्भवली आणि या क्षेत्रातील आधुनिक नियमनाला प्रारंभ झाला. पुढे दक्षिण कोरिया, फ्रान्स आणि अमेरिकेतील काही राज्यांनी घटकद्रव्ये वेष्टनावर छापणे बंधनकारक केले, तर काही राज्यांनी विशिष्ट रसायनांवर बंदी घातली. भारतात सॅनिटरी नॅपकिनसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आय.एस. ५४०५ हे मानक आहे.

उत्पादनांची रचना

कापडाच्या घड्या, कापूस, गवत, लोकर अशा सहज मिळणाऱ्या वस्तू स्त्रिया पूर्वापार वापरत आल्या. भारतात जुन्या सुती लुगड्याच्या किंवा धोतराच्या घड्या वापरण्याची रीत होती आणि अनेक घरांत ती अजूनही आहे. कारखान्यात तयार झालेले, एकदा वापरून टाकून द्यायचे पॅड विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले. पहिल्या महायुद्धात जखमांच्या पट्ट्यांसाठी लाकडाच्या लगद्यापासून एक शोषक पदार्थ बनवला जात होता. युद्ध संपल्यावर त्याच पदार्थापासून १९२० च्या सुमारास अमेरिकेत 'कोटेक्स' हे पॅड बाजारात आले.

आजच्या पॅडमध्ये साधारणपणे चार थर असतात. त्वचेला लागणारा वरचा थर पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडाचा किंवा छिद्रे असलेल्या पॉलिएथिलीनच्या पापुद्र्याचा असतो. त्याखाली द्रव पसरवणारा थर व त्याखाली लाकडाच्या लगद्याचा गाभा असतो. गाभ्यात बहुधा सोडियम पॉलिअॅक्रिलेट या अतिशोषक पदार्थाचे कण मिसळलेले असतात. हे कण द्रव शोषून जेलीसारखे फुगतात. सर्वांत खाली गळती रोखणारा प्लॅस्टिकचा थर, अंतर्वस्त्राला चिकटण्यासाठी गोंद आणि गोंदावरचा सुटा कागद असतो. काही पॅडमध्ये सुगंधी द्रव्ये, रंग किंवा वास दडवणारे पदार्थ घातलेले असतात. टॅम्पॉन प्रामुख्याने कापूस, रेयॉन किंवा दोन्हींच्या मिश्रणाचे असतात. मासिक पाळीचे कप बहुधा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचे असतात.

म्हणजे 'कापसाचा पॅड' असे बोलण्यात म्हटले जात असले, तरी प्रत्यक्षात तो लगदा, प्लॅस्टिक, गोंद आणि शोषक रसायन यांचा संयोग असतो. रसायनांचा प्रश्न या रचनेतूनच उद्भवतो.

प्रमुख रासायनिक गट

थॅलेट : प्लॅस्टिक लवचीक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संयुगांचा हा गट आहे. गोंद, प्लॅस्टिकचे थर आणि सुगंधी द्रव्ये यांतून ती उत्पादनात येऊ शकतात. त्यांतील काही संयुगे शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात अडथळा आणतात. या गटातील डीईएचपी हे संयुग युरोपीय संघाने प्रजननक्षमतेला घातक म्हणून वर्गीकृत केले आहे.

बाष्पनशील सेंद्रिय संयुगे : सामान्य तापमानाला सहज हवेत मिसळणारी टोल्युइन, बेंझिन, क्लोरोफॉर्म, ॲसिटोन यांसारखी संयुगे या गटात येतात. ती गोंद, विद्रावक आणि सुगंध यांतून येतात. बेंझिन हे कर्करोगजनक म्हणून सिद्ध झालेले आहे.

डायॉक्सिन : लाकडाचा लगदा किंवा रेयॉन पांढरे करण्यासाठी क्लोरीन वायू वापरला असता ही संयुगे अत्यल्प प्रमाणात उपफल म्हणून तयार होतात. त्यांतील सर्वांत विषारी संयुग (टीसीडीडी) आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये मानवाला कर्करोगजनक ठरवले. क्लोरीन वायूऐवजी क्लोरीन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून विरंजन करण्याची पद्धत वाढली. डायॉक्सिनचे प्रमाण त्यामुळे बरेच घटले.

पीएफएएस : कार्बन व फ्लोरिन यांच्या अतिशय बळकट बंधांमुळे ही मानवनिर्मित संयुगे निसर्गात सहजी विघटित होत नाहीत. म्हणून त्यांना 'चिरंतन रसायने' असे म्हटले जाते. पाणी व तेल यांना रोखण्याच्या गुणामुळे ती कपडे, तव्यांचे लेपन आणि खाद्यपदार्थांची वेष्टने यांत वापरली गेली. अमेरिकेत २०२३ मध्ये सादर झालेल्या एका संशोधनात पाळीची काही अंतर्वस्त्रे आणि पॅडची काही वेष्टने यांतही फ्लोरिनयुक्त संयुगांच्या खुणा आढळल्या.

धातू : शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये कापसाच्या झाडात माती व पाण्यातून येऊ शकतात, तसेच उत्पादनप्रक्रियेतूनही मिसळू शकतात. म्हणून 'सेंद्रिय' अथवा 'नैसर्गिक' असा छाप असलेले उत्पादन धातूंपासून मुक्त असेलच असे नाही.

सुगंधी द्रव्ये व परिरक्षके : यांमुळे त्वचेला खाज, पुरळ व ॲलर्जी होण्याची शक्यता असते. स्त्रियांच्या नित्याच्या तक्रारींशी सर्वांत जवळचा संबंध असलेला हा गट आहे. 'सुगंध' या एका शब्दाआड अनेक स्वतंत्र रसायने असू शकतात, हे त्याच्या नियमनातील एक व्यावहारिक अडचणीचे कारण आहे.

घातकता आणि जोखीम

या विषयावरील चर्चेत दोन संकल्पनांची गल्लत वारंवार होते. एखाद्या पदार्थात अपाय करण्याचा गुण असणे म्हणजे घातकता. तो पदार्थ प्रत्यक्ष वापरात शरीरात पुरेशा मात्रेने पोहोचून अपाय होण्याची शक्यता म्हणजे जोखीम. प्रयोगशाळेतील उपकरणे आता अब्जांशाच्या पातळीवरील अंशही शोधू शकतात. त्यामुळे 'रसायन आढळले' हे वाक्य 'रसायनाने अपाय झाला' या वाक्याच्या समान नाही.

तथापि याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रसायनांच्या सुरक्षित मर्यादा बहुतेक वेळा अन्न, पाणी, हवा किंवा सामान्य त्वचा या मार्गांसाठी ठरवलेल्या असतात. योनीची श्लेष्मल त्वचा यांहून वेगळी आहे. हातापायांच्या त्वचेवर असतो तसा शुष्क, कठीण संरक्षक थर तिच्यावर नसतो आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. पोटात गेलेला पदार्थ आधी यकृतातून जातो व तेथे काही अंशी निष्प्रभ होतो. योनीमार्गे शोषलेला पदार्थ मात्र प्रथम यकृतात न जाता थेट रक्ताभिसरणात मिसळू शकतो. काही औषधे याच कारणाने या मार्गाने दिली जातात.

संपर्काचा काळ हाही एक घटक आहे. महिन्याला पाच दिवस व दिवसाला चार पॅड असा साधा हिशेब धरला, तर वर्षाला २४० आणि ३५ वर्षांत ८,४०० पॅड होतात. एका पॅडमधील अंश नगण्य असला, तरी परीक्षा या दीर्घ संपर्काची व्हावी लागते. शिवाय तीच रसायने अन्नाची वेष्टने, साबण, प्रसाधने यांतूनही शरीरात येत असतात. एकेका वस्तूची स्वतंत्र तपासणी केली असता ही बेरीज दिसत नाही.

१९८० ची साथ आणि तिचा धडा

विषाघात लक्षणसमूह (टॉक्सिक शॉक सिंड्रोम) हे नाव १९७८ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जेम्स टॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांमधील एका आजाराला दिले. 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' या जिवाणूच्या जीवविषामुळे तीव्र ताप, रक्तदाब कोसळणे, अंगावर पुरळ आणि नंतर तळहात-तळपायांची साल निघणे अशी त्याची लक्षणे आहेत. १९८० मध्ये अमेरिकेत मासिक पाळीशी निगडित असे ८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ३८ स्त्रियांचा मृत्यू झाला. रुग्णांमध्ये बहुसंख्य तरुण व एरवी निरोगी स्त्रिया होत्या.

तपासात अतिशोषक टॅम्पॉनशी या आजाराचा संबंध आढळला. विशेषतः 'रिलाय' या टॅम्पॉनचे नाव पुढे आले. त्यात पॉलिएस्टरचा फेस आणि कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हे पदार्थ होते. सप्टेंबर १९८० मध्ये उत्पादक कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. यातील कोणताही पदार्थ रूढ अर्थाने विष नव्हता. शोषकता वाढवण्यासाठी निवडलेल्या साहित्यामुळे आणि टॅम्पॉन दीर्घकाळ शरीरात राहिल्यामुळे जिवाणूंना जीवविष तयार करण्यास अनुकूल स्थिती मिळाली. घटकद्रव्य एकेकटे निरुपद्रवी असले, तरी वापराच्या जागी व वापराच्या काळात ते कसे वागते हे तपासावे लागते, हा या घटनेचा धडा होता.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये टॅम्पॉनच्या वेष्टनावर या आजाराचा इशारा बंधनकारक केला. शोषकतेच्या संज्ञांबाबत मात्र गोंधळ कायम होता. 'रेग्युलर' आणि 'सुपर' या शब्दांना प्रत्येक कंपनीत वेगळा अर्थ असे. बोस्टनमधील स्त्री-आरोग्य चळवळीतील एस्थर रोम व इतर कार्यकर्त्यांनी एकसमान मोजमापाची मागणी दीर्घकाळ लावून धरली. अखेर १९९० मध्ये शोषकतेच्या प्रमाणित श्रेणी लागू झाल्या : ६ ते ९ ग्रॅम द्रव शोषणारा टॅम्पॉन 'रेग्युलर', ९ ते १२ ग्रॅम शोषणारा 'सुपर', याप्रमाणे. गरजेपुरत्याच शोषकतेचा टॅम्पॉन निवडणे स्त्रीला यामुळे शक्य झाले. १९८९ मध्ये पाळीशी निगडित नोंदल्या गेलेल्या रुग्णांची संख्या ५० च्या आत आली होती.

नियमनाच्या पद्धती

निरनिराळ्या देशांतील उपायांचे ढोबळमानाने पाच प्रकार पडतात.

१. प्रकटीकरण : सर्व घटकद्रव्ये वेष्टनावर छापण्याची सक्ती. यामुळे कोणतेही रसायन वर्ज्य होत नाही, परंतु निवड व संशोधन दोन्ही शक्य होतात.

२. मर्यादा : विशिष्ट रसायनाचे कमाल प्रमाण ठरवणे. यासाठी मान्य चाचणीपद्धती व सुसज्ज प्रयोगशाळा आवश्यक असतात.

३. बंदी : विशिष्ट रसायन हेतुपुरस्सर मिसळण्यास मनाई. कच्च्या मालातून किंवा वेष्टनातून नकळत आलेला अंश अशा कायद्याच्या कक्षेबाहेर राहू शकतो.

४. विक्रीपूर्व परीक्षण : वस्तू बाजारात येण्याआधी सुरक्षिततेचा पुरावा मागणे.

५. ऐच्छिक प्रमाणन व सरकारी खरेदी : पर्यावरणस्नेही चिन्हे, तसेच शासनाने स्वतःच्या खरेदीसाठी घातलेल्या अटी.

विविध देशांतील स्थिती

अमेरिका

अमेरिकेत पॅड, टॅम्पॉन व कप यांची गणना वैद्यकीय साधनांत होते आणि त्यांवर अन्न व औषध प्रशासनाची देखरेख असते. टॅम्पॉन टीसीडीडी डायॉक्सिन व कीटकनाशकांच्या अंशांपासून मुक्त असावेत, अशी या प्रशासनाची शिफारस आहे. या उत्पादनांवर स्वतंत्र संशोधन व्हावे यासाठी काँग्रेस सदस्या कॅरोलिन मलोनी यांनी १९९७ पासून अनेकदा विधेयक मांडले. विषाघात लक्षणसमूहाने मरण पावलेल्या रॉबिन डॅनियलसन यांचे नाव पुढे त्याला देण्यात आले. हे विधेयक संमत झाले नाही.

केंद्रीय पातळीवरील या स्तब्धतेमुळे राज्यांनी पुढाकार घेतला. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये घटकद्रव्ये छापण्याचा कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले अमेरिकी राज्य होय. कॅलिफोर्नियाचा तसाच कायदा २०२० मध्ये झाला. व्हरमाँटने २०२४ मध्ये पीएफएएस, थॅलेट, फॉर्माल्डिहाइड, पारा, शिसे, ट्रायक्लोसान इत्यादींवर मासिक पाळीच्या उत्पादनांत बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यात सौंदर्यप्रसाधने, स्वयंपाकाची भांडी, कपडे व लहान मुलांच्या वस्तू यांचाही समावेश आहे. मासिक पाळीच्या उत्पादनांना सर्वसाधारण ग्राहकोपयोगी वस्तूंच्या पंक्तीत बसवणारा कायदा म्हणून तो उल्लेखनीय आहे. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी पीएफएएस हेतुपुरस्सर मिसळण्यावर बंदी आणली.

जुलै २०२४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १४ छापांच्या ३० टॅम्पॉनमध्ये १६ धातूंची तपासणी प्रसिद्ध केली. सर्व नमुन्यांत शिसे आढळले. सेंद्रिय टॅम्पॉनमध्ये आर्सेनिकचे, तर इतरांत शिशाचे प्रमाण अधिक होते. हे धातू टॅम्पॉनमधून सुटून शरीरात शिरतात काय, हा प्रश्न या अभ्यासाच्या कक्षेत नव्हता. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाने उपलब्ध संशोधनाचा आढावा आणि प्रयोगशाळेतील स्वतंत्र चाचणी हाती घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सुरक्षिततेविषयी चिंताजनक निष्कर्ष निघाला नाही.

युरोप

युरोपीय संघात रसायनांसाठी २००६ चा 'रीच' हा व्यापक कायदा आणि वस्तूंसाठी सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम लागू होतात. या उत्पादनांसाठी शोषक स्वच्छता-वस्तूंचे ऐच्छिक पर्यावरणचिन्हही आहे. फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण व व्यावसायिक आरोग्य सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये पॅड व टॅम्पॉन यांचा आढावा घेतला. आढळलेल्या रसायनांनी आरोग्यविषयक मर्यादा ओलांडलेल्या नाहीत, तरीही त्यांचे प्रमाण शक्य तेवढे कमी करावे व घटकांची माहिती द्यावी, असे मत तिने दिले. त्यानुसार फ्रान्समध्ये १ एप्रिल २०२४ पासून घटकद्रव्ये छापणे बंधनकारक झाले.

दक्षिण कोरिया

२०१७ मध्ये दक्षिण कोरियातील एका स्त्री-पर्यावरण संघटनेने विद्यापीठाकडून करून घेतलेल्या चाचणीत पॅडमध्ये बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आढळली. विशिष्ट छापाचे पॅड वापरणाऱ्या हजारो स्त्रियांनी पाळी अनियमित झाल्याच्या तक्रारी केल्या. शासनाच्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाने शेकडो उत्पादनांची तपासणी करून मानवी आरोग्याला धोका नसल्याचे जाहीर केले. जनतेचे समाधान मात्र झाले नाही. ऑक्टोबर २०१८ पासून त्या देशात सर्व घटकद्रव्ये वेष्टनावर छापण्याचा नियम अमलात आला.

भारत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते २४ वयोगटातील सुमारे ६४ टक्के स्त्रिया सॅनिटरी नॅपकिन वापरतात आणि सुमारे ५० टक्के कापड वापरतात. अनेकजणी दोन्ही वापरत असल्याने ही बेरीज शंभरावर जाते. एका पिढीत झालेल्या या बदलामुळे पॅड ही किराणा दुकानात मिळणारी नित्याची वस्तू झाली आहे.

भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. ५४०५ या मानकाची १९८० ची आवृत्ती जवळजवळ चार दशके प्रचलित होती. तिचा भर शोषकतेवर होता. ठरावीक वेगाने ओतलेले ३० मिलिलिटर द्रव पॅडने शोषून घ्यावे व ते खालून किंवा बाजूने झिरपू नये, ही तिची मुख्य चाचणी होती. त्याखेरीज आम्ल-अल्कतेचा निकष होता. २०१९ च्या सुधारित आवृत्तीत सूक्ष्मजीवांची तपासणी आणि त्वचेला दाह, ॲलर्जी किंवा पेशींना अपाय होतो का हे पाहणाऱ्या जैवसुसंगतीच्या चाचण्या यांना स्थान मिळाले. धुऊन पुन्हा वापरायच्या पॅडसाठी २०२१ मध्ये आय.एस. १७५१४ हे वेगळे मानक आले.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये वैद्यकीय वस्त्रांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून सॅनिटरी नॅपकिन, पुनर्वापराचे पॅड आणि बाळांचे डायपर यांना मानकाच्या सक्तीखाली आणण्याची दिशा घेतली. अंमलबजावणीत लहान उद्योग व बचत गट यांना सवलती देण्यात आल्या.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीतील 'टॉक्सिक्स लिंक' या पर्यावरणविषयक संस्थेने बाजारातील दहा छापांच्या नॅपकिनची तपासणी प्रसिद्ध केली. त्यात थॅलेट व बाष्पनशील सेंद्रिय संयुगे आढळली. 'सेंद्रिय' म्हणून विकले जाणारे नमुनेही त्यास अपवाद नव्हते. भारतीय मानकात या रसायनांसाठी मर्यादा नाहीत, हा संस्थेचा मुख्य आक्षेप होता. या पाहणीने शरीरावरील परिणाम मोजलेले नव्हते, तथापि देशात या विषयावर सार्वजनिक चर्चा तिच्यामुळे घडली.

इतर वस्तूंशी तुलना केली असता ही उणीव अधिक स्पष्ट होते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली. खेळण्यांच्या मानकात (आय.एस. ९८७३) थॅलेटसाठी स्वतंत्र भाग आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानकचिन्ह अनिवार्य आहे. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० यांत पाऱ्यावर बंधने आहेत. मुलाच्या हातातील रबरी बाहुलीबाबत कायदा जे विचारतो, ते त्याच्या आईच्या किंवा बहिणीच्या पॅडबाबत विचारलेले नव्हते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने वस्तूचा दर्जा, शुद्धता व मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क मानला आहे. वेष्टनावर किंमत, नगांची संख्या व उत्पादकाचे नाव छापण्याची सक्तीही आहे. घटकद्रव्यांच्या प्रकटीकरणाची मागणी याच हक्काच्या आधारे केली जाते.

भारतात शासन स्वतःही मोठा खरेदीदार व वितरक आहे. केंद्राच्या जनऔषधी केंद्रांत 'सुविधा' नॅपकिन २०१९ पासून एक रुपयास मिळू लागले. महाराष्ट्र शासनाच्या 'अस्मिता' योजनेत (८ मार्च २०१८) जिल्हा परिषद शाळांतील मुलींना बचत गटांमार्फत आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत देण्याची तरतूद होती. ज्या मुलीला पाकीट योजनेतून मिळते तिला छाप निवडण्याची मुभा नसते. म्हणून खरेदीच्या निविदेतील अटी हेच तिच्यापुरते नियमन ठरते.

वापरानंतरचा प्रश्न

रसायनांचा प्रवास वापराबरोबर संपत नाही. पॅडमधील प्लॅस्टिक विघटित होण्यास दीर्घकाळ लागतो. ते कमी तापमानाच्या भट्टीत किंवा उघड्यावर जाळल्यास विषारी वायू व डायॉक्सिनसारखी संयुगे निर्माण होऊ शकतात. शाळा व वसतिगृहांत बसवलेल्या लहान भट्ट्यांबाबत हा आक्षेप घेतला जातो. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार उत्पादकांनी पॅडसोबत विल्हेवाटीसाठी वेष्टन देणे अपेक्षित होते. पुण्यातील कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम राबवली. कचरा हाताने वेगळा करणाऱ्या स्त्रियांना ते ओळखता यावेत व संसर्ग टळावा, हा तिचा उद्देश आहे.

वादाचे मुद्दे

पुराव्याची अपेक्षा : अपाय सिद्ध झाल्यावरच बंदी घालावी, असा एक पक्ष आहे. दीर्घकालीन अपाय सिद्ध होण्यास अनेक दशके लागतात, म्हणून सावधगिरी हाच आधार असावा, असा दुसरा पक्ष आहे. फ्रान्सने बाळांच्या डायपरमधील काही रसायनांवर युरोपव्यापी निर्बंध सुचवले तेव्हा युरोपीय रसायन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये जोखीम पुरेशी सिद्ध झालेली नाही, असे मत दिले. हा मतभेद त्यातून ठळक झाला.

पर्यायी रसायने : एका रसायनावर बंदी येताच त्याच कुळातील, कमी अभ्यासलेले दुसरे रसायन वापरले जाण्याचा धोका असतो. यासाठी काही कायदे एकेका संयुगाऐवजी संपूर्ण गटावर निर्बंध घालतात.

लहान उत्पादक : रासायनिक चाचण्या खर्चिक असतात. सक्तीचा भार बचत गटांवर पडल्यास स्वस्त पॅडचा पुरवठा आक्रसू शकतो. उलट सवलत दिल्यास गरीब स्त्रियांसाठी सुरक्षिततेचे निराळे माप लावले जाते, अशी टीका होते. शासनाच्या खर्चाने सामायिक प्रयोगशाळा उपलब्ध करणे हा त्यावरील एक सुचवलेला मार्ग आहे.

भीतीचे दुष्परिणाम : अर्धवट बातम्यांमुळे स्त्रिया पॅड सोडून अस्वच्छ साधनांकडे वळल्यास संसर्गाचा धोका वाढतो. पॅड वेळेवर बदलणे, कापड स्वच्छ धुऊन उन्हात वाळवणे, सुगंधी उत्पादनांनी खाज येत असल्यास ती टाळणे या साध्या गोष्टींचे महत्त्व रसायनांच्या चर्चेने कमी होत नाही. पाळीविषयी उघड बोलण्यातील संकोचामुळे तक्रारी नोंदल्या जात नाहीत, आणि नोंद नसल्याने प्रश्नच नाही असा समज होतो. दक्षिण कोरियातील उदाहरणात तक्रारींची जाहीर नोंद झाल्यानंतरच नियम बदलला.

आंतरराष्ट्रीय मानकीकरण संस्थेने मासिक पाळीच्या उत्पादनांसाठी स्वतंत्र तांत्रिक समिती स्थापन केली आहे. चाचणीच्या पद्धती देशोदेशी निरनिराळ्या असल्याने एका देशातील निष्कर्षांची दुसऱ्याशी तुलना करता येत नाही. सामायिक पद्धती ठरल्यास मर्यादा ठरवण्याच्या कामाला पाया मिळेल, अशी अपेक्षा आहे.

हे सुद्धा पहा

मासिक पाळी
सॅनिटरी नॅपकिन
मासिक पाळीचा कप
टॉक्सिक शॉक सिंड्रोम
भारतीय मानक ब्यूरो
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
घनकचरा व्यवस्थापन